माय म्हणाली, जुन्याच विमानतळावर उतरू

प्रिय अण्णा,

सविनय जय भीम.

मायला मिलिंदकडं पोचवून काल मुंबईहून परत आले, आणि हिंगोलीला माझ्या घरी न जाता आधी इथं आले, आपल्या गावच्या घरी. अंगणात हळद वाळत पडलीय. शेजारच्या काकूंनी ती चांगली सांभाळली. तुमच्या बाजेवर बसून लिहितेय.

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती. फोटोपुढं उभी राहून बोलले, रडले, पण लिहिलं नाही. आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना. मला तुमच्यावर रागवायचंय, अण्णा. आणि तुमच्यापुढं हात जोडायचेत. दोन्ही एकाच गोष्टीसाठी.

आधी आनंदाचं सांगते. तुमचा मिलिंद बाप झाला. मुलगी झाली! नाक तुमचं घेतलंय पोरीनं. तिला बघायला माय मुंबईला जाणार असं ठरलं. तुम्ही गेल्यापासून ती गाव सोडून कुठं गेली नव्हती, म्हणून मिलिंद फारच खुशीत होता. "रेल्वेनं नको, माय दमेल," म्हणाला. "विमानानं आणतो."

मुंबईला आता दोन विमानतळ झालेत, अण्णा. तुम्ही होता तेव्हा एकच होता. नवा पनवेलच्या बाजूला, मिलिंदच्या घरापासून अगदी जवळ. तो मला फोनवर सांगत होता, "ताई, नांदेडहून थेट नव्या विमानतळावर या. मी दारात उभा असतो. केलेला चहा थंड व्हायच्या आत आपण घरी."

माय जवळच बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "हे इमान कुठं उतरतंय?"

"नव्या विमानतळावर, माय."

"मग न्हाई. मला जुन्यावर उतरायचंय. तुझे अण्णा कामाला व्हते तिथं."

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. पण जुन्यावर उतरणं सोपं नव्हतं. आम्हाला जायचं होतं त्या दिवसांत नांदेडहून तशी सोय जमेना. संभाजीनगरपर्यंत गाडीनं जायचं, तिथून विमान धरायचं, आणि मुंबईत उतरल्यावर अख्खं शहर आणि खाडीचा पूल ओलांडून मिलिंदच्या घरी पोचायचं. म्हणजे घर एका टोकाला आणि आम्ही उतरणार दुसऱ्या टोकाला!

मिलिंद वैतागला. "माय, अगं सगळी दुनिया जवळचं बघते. तू लांबचं काहून धरून बसलीस?"

"दुनिया येऊन राहिली का तुझ्या लेकीला बघायला? मी येऊन राहिले ना?" माय म्हणाली. "उतरंन त तिथंच. न्हाईतर तूच लेकराला घेऊन इकडं ये."

मायचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही संभाजीनगरची तिकिटं काढली.

मला वाटलं, हे तुमच्या भिंतीपायी चाललंय. आठवतंय ना? हळद शिजवताना कढईपाशी बसलं की तुमची गोष्ट सुरू व्हायची. "मुंबईच्या इमानतळाची भिंत म्या बांधली!" तरुणपणी एका वर्षी पाऊस पडला नाही, तेव्हा तुम्ही कामाला गेला होता. भिंतीला लागून तुमची झोपडी. विमान डोक्यावरून इतकं खालून जायचं, की त्याच्या पोटावरचे खिळे दिसायचे. झोपडीचे पत्रे थरथरायचे, डाळीचं पातेलं चुलीवर नाचायचं. त्या गोष्टीत तो तोतरा मुकादम होता, वसमतचा एक गाणारा गवंडी होता, मोकाट कुत्रीसुद्धा होती. आम्ही पोटं धरून हसायचो.

पण अण्णा, त्या गोष्टीत माय कधीच नव्हती. हे माझ्या आजवर कसं ध्यानात आलं नाही?

मिलिंदला नोकरी लागली तेव्हा तो तुम्हाला विमानात बसवायला निघाला होता. किती मागं लागला होता! तुम्ही म्हणालात, "इमान खालून बघायची चीज हाय," आणि उठून कालव्याकडं निघून गेलात. आमचे अण्णा घाबरतात, असं मी सगळ्यांना हसत सांगत फिरले. तुम्ही ते ऐकत होतात. एकदा तरी मला दटावायचं होतंत!

असो. आम्ही निघालो. मायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. संभाजीनगरच्या विमानतळावर ती अजिबात बिचकली नाही. फरशी तेवढी चपला काढून चालावी इतकी चकाचक आहे, म्हणाली. तपासणीच्या पोरीनं तिचे हात वर करायला लावले तर म्हणाली, "बराबर बघ गं माय, लपवलेलं काई न्हाई." ती पोरगीही हसली. खिडकीची जागा मी तिच्यासाठी मागून घेतली होती.

विमान उडालं तेव्हा मायनं माझं मनगट धरलं. भीतीनं नव्हे. तिचा चेहरा मी बघत होते ना! खालचे रस्ते सुतळीसारखे झाले, शेतं गोधडीच्या ठिगळांएवढी झाली, आणि मग आम्ही ढगांच्याही वर गेलो. पांढराशुभ्र कापूस पसरलेला, आणि त्यावर ऊन. "अगं बाई," ती म्हणाली. "हे समदं रोज इथं असतं? आपल्या डोक्यावर?"

मीही पहिल्यांदाच बघत होते. शाळेत पोरांना ढग शिकवते मी, अण्णा! वरून ते असे दिसत असतील हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग घाट मागं पडला, विमान खाली यायला लागलं. खाडीचं राखाडी पाणी दिसलं. आणि मग मुंबई! मी नुसती बघत राहिले. घराला घर, घराला घर, क्षितिजापर्यंत. डोंगराच्या अंगावर चढलेल्या झोपड्या, त्यांवर अंथरलेली निळी प्लास्टिकं, मधूनच आभाळाला टेकलेल्या इमारती. एवढी माणसं एका जागी राहतात, रांधतात, लेकरं वाढवतात. मायनं कपाळ काचेला टेकवलं, आणि बोलायला लागली. आवाज अगदी साधा. शेजारणीची गोष्ट सांगावी तसा.

"तुला ठाव न्हाई. तुझ्या आधी एक लेकरू झालं व्हतं मला. पोरगी. हितंच, भिंतीच्या कडंला, झोपडीत."

मला वाटलं, विमानाच्या आवाजात मी काहीतरी भलतंच ऐकलं.

"तू पण होतीस मुंबईला?"

"मग! घमेलं उचलायची मी. तिला झोळीत टाकायची अन् कामाला लागायची. किती रडायची गं! पण इमान आलं की गप. मान वर करून बघतच राहायची. इमान गेलं की पुना सुरू. समदे मजूर हसायचे. तुझे अण्णा म्हणायचे, ही पोरगी इमान चालवणार."

"मग काय झालं, माय?"

"पावसाळ्यात ताप आला. दवाखान्यात नेलं. न्हाई उतरला. भिंतीपल्याड मोकळी जागा व्हती, तिथं अण्णांनी तिला मातीत ठेवलं. दुसऱ्या दिशी आमी दोघं कामावर गेलो. इमान आलं. दोघांनी बी मान वर केली न्हाई."

अण्णा, तुम्ही! प्रत्येक हळदीला विमानाच्या पोटावरचे खिळे सांगून आम्हाला हसवणारे तुम्ही!

मी तिला म्हणाले, "माय, उतरल्यावर आपण ती जागा शोधू. मिलिंदला सांगू."

"खाली काय सापडंल बाई? समदं बदललं असंल. त्याच्यासाठी न्हाई आले मी." तिनं काचेवर बोट ठेवलं. "पण वरची वाट त तीच असंल ना? ती ज्या वाटेनं इमान जाताना बघायची, त्या वाटेनं एकदा जायचं व्हतं मला. त्या नव्या इमानतळाची वाट दुसरीकडून हाय."

जवळचा विमानतळ की लांबचा, एवढाच आमचा वाद चालला होता. आणि तिनं आभाळातली वाट निवडली होती!

विमान आता फार खाली आलं होतं. पत्र्यांवर वाळत घातलेले कपडे दिसत होते, पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. तेवढ्यात मला विमानाची सावली दिसली. लहानशी, काळी, घरांच्या पत्र्यांवरून आमच्यासोबत पळत होती. मायनंही ती बघितली. सावली मोठी मोठी होत गेली, झोपड्यांवरून सरकली, एका भिंतीवरून पलीकडं गेली, मोकळ्या गवतावर पसरली. मायनं काचेवर तळहात ठेवला. सावली जाईल तसा तो हळूहळू फिरवत राहिली. निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

चाकं टेकली. माणसं लगेच उठून बॅगा काढायला लागली. माय बसून राहिली. रडत नव्हती, अण्णा. तिच्या तोंडावर जे होतं, त्याला मला शब्द सापडत नाही. पिकात पाणी पोचल्यावर बांधावर उभं राहून तुम्ही जसं बघायचात, तसं काहीसं.

बाहेर मिलिंद कपाळाला आठ्या घालून उभा होता. "आता दीड-दोन तास गाडीत काढा! नव्यावर उतरला असता तर एव्हाना जेवण झालं असतं." मायनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हसली. गाडीत तिनं त्यालाही सगळं सांगितलं. खाडीचा पूल यायच्या आधी त्यानं गाडी कडेला घेतली. मग मला म्हणाला, "ताई, तुला माहीत होतं?"

"नाही रे."

"अण्णा कधीच कसे बोलले नाहीत?"

हेच मी तुम्हाला विचारते. का नाही बोललात? आम्ही लहान होतो तेव्हाचं समजू शकते. पण मी चाळिशीला आले, अण्णा. मी स्वतः आई झाले, तेव्हा तरी सांगायचं होतंत. तुम्ही दोघांनीच ते ओझं वाहिलंत, एकमेकांशीसुद्धा न बोलता. मी मायला विचारलं, ती म्हणाली, "काय बोलायचं? त्यांना ठाव व्हतं, मला ठाव व्हतं."

मग ती भिंतीची गोष्ट तुम्ही कुणाला सांगत होतात? आम्हाला हसवायला, की कढईच्या पलीकडं जाळ सारत बसलेल्या मायला? नाव न घेता, दरवर्षी, तिलाच आठवण देत होतात का? माय तेव्हा मान खाली घालून बसायची. मला वाटायचं, तीच ती गोष्ट ऐकून कंटाळली असेल.

आता रागाचं संपलं. हात जोडायचे ते यासाठी, की तुम्ही दोघं तिथून परत आलात, कालव्याच्या पाण्यावर हळद पिकवलीत, आम्हा दोघांना शिकवलंत, आणि आमच्या घरात हसू ठेवलंत. हे कसं जमवलंत? मी विमानातून ढग बघितले, खाडी बघितली, तेवढी मोठी मुंबई बघितली. पण सगळ्यात थक्क झाले ती माझ्याच आईबापांना बघून. इतकी वर्षं एकाच घरात राहून मला तुम्ही पुरते दिसलाच नव्हतात.

मायची काळजी करू नका. मिलिंदच्या घरी पोचल्या पोचल्या तिनं पदर खोचला. सुनेला म्हणाली, "लेकराचं डोकं असं धरतेत का? आण इकडं." रोज सकाळी तेल लावून नातीला रगडते. पोरगी किंचाळते आणि माय मोठ्यानं हसते. तिला एवढं हसताना मी फार दिवसांनी ऐकलं. एवढ्यात ती परत येईल असं वाटत नाही.

अण्णा, त्या लेकराचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, असं माय म्हणाली. आता मागाहून मीही ठेवणार नाही. तो हक्क तुम्हा दोघांचा होता. पण एक वचन देते. आजवर कुणी विचारलं, तुम्ही भावंडं किती, की मी चटकन सांगायची, दोघं. मी थोरली, भाऊ धाकटा. यापुढं तसं सांगणार नाही. शाळेत, लग्नघरात, कुणीही विचारू दे. आम्ही तिघं आहोत, असंच सांगेन.

तुमची मधली,
सुजाता