भरल्या गाडीची फेरी

बाबा, उद्या सकाळी शेजारच्या क्वार्टरमधले काका दिवाळीच्या सुट्टीसाठी गाडीने नागपूरला निघालेत, आणि त्यांची गाडी मी तयार करून दिली आहे. तुम्ही गेलात तेव्हा त्यांची मुलगी दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता तिच्याशिवाय मला काही सुचत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं असणं शक्य नाही, म्हणून सांगतो. काकू म्हणतात, रामटेक बघून येऊ, मुलीलाही जरा बदल. काका म्हणतात, जाता जाता एका घरी चहाला थांबायचंय, मुलगा चांगल्या नोकरीत आहे. आणि ती म्हणते, "मला काय विचारतोस, मी तर मागच्या सीटवर असणार." ही सहल आहे की कांदेपोहे, मला अजून कळलेलं नाही. तिला कळलंय का, तेही कळलेलं नाही.

काकांनी मला का बोलावलं, ते मात्र कळलं. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी करोंदच्या धान्य मंडीजवळच्या एका गॅरेजात ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्त करतो, आणि मुख्य म्हणजे मी तुमचा मुलगा. आईला तुमच्या जागी नोकरी लागली म्हणून आम्ही अजून त्याच क्वार्टरमध्ये आहोत, आणि टाउनशिपमध्ये लोक अजून म्हणतात की तुमच्या हातून गेलेली गाडी रस्त्यात थांबत नसे. कारखान्यात तुम्ही टेस्टिंगला होतात. पूर्ण लोड दिल्याशिवाय तुमच्याकडून मशीन बाहेर जात नसे, आणि तोच कायदा तुम्ही घरीही लावला होता. एलटीसीची रजा आणि प्रवासभाडं मंजूर झालं, की निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरल्या गाडीची फेरी. सगळं सामान, पाण्याचा कॅन, चिवड्याची पिशवीसुद्धा, आई पुढे, मी मागे वळकटीला टेकून. टाउनशिपला एक चक्कर आणि परत दारात. लोक गॅलरीतून विचारायचे, "काय, पोचलात का पचमढीला?" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "अजून निघालो नाही." एकदा मैदानाजवळ माझे मित्र हसतात आणि मी दार उघडून सरळ खाली उतरतो. तुम्ही गाडी बंद करता. ओरडत नाही. "वजन कमी झालं," म्हणता, "आता ही टेस्ट धरायची कशी?" मी रागाने लाल होऊन परत बसतो, आणि आई तोंडाला पदर लावून हसू दाबते.

तर गेल्या रविवारी मी काकांच्या गाडीत डोकं घालून उभा होतो. ब्रेक ठीक, टायर ठीक, स्टेपनीत हवा भरली. फॅनबेल्टला मात्र आतून भेगा पडल्या होत्या. गावातल्या गावात तो अजून चालला असता. भरल्या गाडीने बैतूलकडचा घाट चढताना तुटला असता, इंजिन तापलं असतं आणि गाडी तिथेच उभी. मी बराच वेळ त्या भेगांवर अंगठा फिरवत राहिलो. तुटला तर चहा हुकतो. तुटला तर ती उन्हात रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि शेजारून ट्रक जाताहेत. दोन्ही चित्रं एकदमच दिसत होती, आणि त्यातलं एक मला हवं होतं. मग राग आला. काकांचा, त्या नागपूरच्या मुलाचा, तुमचाही. लोड कसा द्यायचा ते शिकवलंत, आणि असल्या वेळी काय करायचं ते शिकवायला थांबला नाहीत. शेवटी बाजारात जाऊन नवा बेल्ट आणला आणि बसवला. चांगुलपणाने बसवला की हात आपले सवयीने चालले, मला विचारू नका.

आज संध्याकाळी मी म्हणालो, फेरी मारावी लागेल. काका हसले. "बापाचं खूळ तू पुढे चालवतोयस होय रे?" पण बसले. काकू लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. ती बरोबर माझ्या मागे, आरशात अर्धीच दिसत होती. मेन गेटपाशी गाडी वळवली तेव्हा तिने विचारलं, "पक्की पोचेल ना?"

"पोचेल."

"रस्त्यात काहीच होणार नाही?"

"काही नाही होणार."

"अगं, किती पिडतेस त्याला," काकू म्हणाल्या, "त्याने बघितलंय ना सगळं."

 दारात उतरताना ती हळूच म्हणाली, "तू पण ना यार, एकदम नीट काम करतोस." बाबा, हे कौतुक होतं का? मालकांशी भांडून भांडून कामं सोडली मी, मला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही, आणि ऐकून इतका चिडलो की घरी येऊन पाना भिंतीवर आपटला. गाडी पोचावी म्हणून ती विचारत होती, की पोचू नये म्हणून? आणि पोचू नये असं वाटत असेल, तर सरळ सांगायला काय झालं होतं? मग वाटतं, मी तरी कुठे सांगितलं. भांडायला माझं तोंड लगेच उघडतं, "जाऊ नकोस" एवढंच म्हणायला उघडलं नाही.

आई आतून विचारतेय, इतका वेळ काय लिहितोयस. त्यांची गाडी भरलेलीच समोर उभी आहे, खिडकीत दिवा आहे, जायचं म्हटलं तर चार पावलं. खरं सांगू बाबा, कागद मी तिच्यासाठी काढला होता. पण तिला लिहिलं असतं तर नेऊन द्यावं लागलं असतं. तुम्हाला लिहिलेलं कुठेच द्यावं लागत नाही.