डेल्मरचे केस

रॅपिड सिटी
रविवार, १४ ऑक्टोबर

लाडक्या इरिनी,

इकडे सगळं ठीक. थंडीची बातमी रेडिओच्या आधी तुझ्या आईचा गुडघा देतो. हॉटेल चालू आहे. तू विचारलंस, डेल्मर कसा आहे. वाढपात त्याचा हात धरणारा अजून कोणी नाही. बाकी बरा आहे.

तू वकील, म्हणून एक विचारतो. पुरुष वेटरचे केस कॉलरखाली नकोत, असा नियम मालकाला करता येतो ना? तू मागेच म्हणाली होतीस, "येतो, बाबा, पण श्रद्धेचा प्रश्न असेल तर वाट काढून द्यावी लागते." मी म्हटलं, डेल्मरच्या वेणीत कसली आलीय श्रद्धा, आणि नियमाचा कागद भिंतीवर लावला. उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाला सूपात केस सापडला होता, त्याने फार आरडाओरडा केला. केस सोनेरी होता, आपल्या आचाऱ्याचा, चेटचा. मी पाहिला होता. तरी गिऱ्हाइकाने बोट डेल्मरच्या काळ्या वेणीकडे दाखवलं आणि मी मान डोलावली.

डेल्मर वेणी शर्टात खोचायला लागला. मी रोज हसत टोचायचो, "काय रे, शर्टात साप पाळलायस का?" तोही हसायचा. थोडंसं.

मंगळवारी तो रजेवरून आला तो वेणी कापूनच. केस वेडेवाकडे, घरच्या कात्रीने उडवल्यासारखे. मी काउंटरमागून बाहेर आलो, पाठीवर थाप मारली आणि भरल्या हॉटेलात म्हणालो, "बघा, आमचा डेल्मर साहेब झाला!" गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. सुरुवात मी केली.

आत वांडा बश्या पुसत होती. ती डेल्मरच्याच लोकांतली. म्हणाली, "मालक, शनिवारी त्याच्या आईला माती दिली. आमच्यात केस कधी कापतात, तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं गं. उभा जन्म इथल्या लाकोटा आदिवासींत धंदा केला. पण त्या क्षणी मला फक्त माझा नियम पाळलेला दिसला.

मागच्या अंगणात त्याला गाठलं. "डेल्मर, मला..."

"राहू द्या, मालक. वर्षभर दुखवटा असतो. मग केस वाढू द्यायचे. ते कॉलरला टेकले की तुम्ही काय करणार, तेवढं सांगा. समोरच्या मोटेलवाल्यांनी बोलावलंय, त्यांना वेणी चालते. सोमवारी त्यांना कळवायचंय."

हॉटेलात उतरलेल्या बसभर प्रवाशांना बोलण्यात गुंगवणारा तुझा बाप. म्हणालो काय, तर "बघू."

तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही. आज कागद फाडला. डेल्मरने रिकामी भिंत पाहिली आणि कॉफी ओतत राहिला. त्याचंही बरोबर. त्याची शोभा मी चारचौघांत केली, ती एकट्याने कागद फाडून कशी भरून निघेल? उद्या भरल्या हॉटेलात, सगळ्यांसमोर, त्याची माफी मागणार आहे. तो आला तर.

तेव्हा कायद्याचं काही लिहून पाठवू नकोस. ते मला आधीच माहीत होतं.

डेल्मर ज्या मागच्या दाराने येतो, तिकडे आतापासूनच कान लावलेला,
तुझा बाबा