चिनी पद्धतीचा लंबक

३ जानेवारी १९९४
संकल्प. मासिकात एका थोर चिनी फिजिक्सच्या प्राध्यापकावर लेख वाचला. पोरांनी स्वतः सुतारकाम करून उपकरणं बनवायची, स्वतः मोजायचं, पुस्तकातल्या उत्तरावर विसंबायचं नाही. प्रयोगात कच्चा असेल तर हुशार पोराचेही मार्क कापायचे. वाचून अंगावर काटा आला. हा तर मीच!
आजपासून आमच्या कवठे महांकाळच्या ज्युनिअर कॉलेजात चिनी पद्धत. सुरुवात मार्क कापण्यापासून. सुतारकामाचं नंतर बघू, करवत नाही.
संध्याकाळची सांगलीची एसटी वेळेआधी सुटली. माझं घड्याळ तर रोज सकाळी रेडिओच्या वेळेवर लावलेलं असतं. या देशात शिस्त नाही.

१० जानेवारी
लॅबचं स्टॉपवॉच बंद. चिनी माणूस रडत बसला नसता. माझं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवलं. लंबकाचे झोके मोजून गुरुत्वाकर्षण काढायचं. सगळ्यांचं उत्तर पुस्तकातलंच, ९८०, पहिल्या फटक्यात! गेल्या वर्षीच्या जर्नलशी दशांशासकट जुळलं. याला म्हणतात परंपरा.
फक्त स्वप्नालीचं १०४८. तीनदा केलं, तीनदा तेच. वर्गासमोर उभं केलं. पृथ्वी तुलाच जास्त ओढते का, विचारलं. पोरं पोट धरून हसली. ती म्हणते, तुमीच म्हणला न्हवं, मोजलं तेच लिवायचं.
उलट उत्तर. तासभर उभी ठेवली.

१८ जानेवारी
एसटी पुन्हा लवकर गेली. शरयू म्हणते, घड्याळ दुरुस्तीला टाका. बायकोला विज्ञान काय सांगणार? आणि घड्याळ तिच्याच वडिलांनी लग्नात दिलेलं. आज स्वप्नालीनेही विचारलं, सर, घड्याळ मागं पडतंय काय? म्हणून माजं उत्तर जास्त येतंय?
दोघींचं आधीच ठरलेलं असणार.

५ फेब्रुवारी
स्वप्नालीचे वडील बिराप्पा आले. मेंढरं सोडून दिवस मोडून आले. म्हणाले, पोरगी पास झाली तर सांगलीला नर्सिंगला धाडतो, न्हाई तर सोयरीक आलीया, उरकून टाकतो. आवं सर, तुमच्याच हातात हाय.
चहा पाजला. पण चिनी प्राध्यापक असल्या गोष्टींनी विरघळला नसता.

२४ फेब्रुवारी
बोर्डाचं प्रॅक्टिकल. तिला मुद्दाम लंबकच दिला. पुन्हा १०४८! बाहेरचे परीक्षक म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, मग उत्तर का चुकतंय? घड्याळ कुणाचं आहे? मी त्यांना घाईने जेवायला नेलं. कोंबडीचा रस्सा झकास होता. जेवल्यावर आमचं एकमत झालं.
तिला तीसपैकी सहा. बाकीच्यांना अठ्ठावीस.
ती रडली नाही. जरा रडायला हवं होतं.

२ जून
निकाल. स्वप्नाली फिजिक्समध्ये चार मार्कांनी गेली. क्षणभर वाईट वाटलं. मग लेख पुन्हा वाचला. बरं वाटलं.

१२ जून
स्वप्नालीचं लग्न. बिराप्पांनी आग्रहाने बोलावलं होतं. मुहूर्त बारा पंचवीसचा. विज्ञाननिष्ठेवर दोन शब्द बोलायचे ठरवून गेलो.
मांडवात शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात बारा वीस. अक्षता पडून पंगत बसलेली. बिराप्पा म्हणाले, लय उशीर केलासा सर. नवरी पाया पडली. उठताना माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, सर, किती वाजलं?
बारा वीस, म्हटलं.
नवरदेवाने स्वतःचं घड्याळ बघितलं आणि हसला. मग करवल्या हसल्या, मग सगळा मांडव. ती तेवढी हसली नाही.
जेवलो नाही. घड्याळ काढून खिशात टाकलं. स्टँडवर आलो, एसटी गेलेली.
वेळेवरच गेली असणार.