जुबेदाच्या नावचा तिसरा हिस्सा

मी, शेख हुसेन वल्द शेख चांद, धंदा पिंजारी, वय अंदाजे सदुसष्ट, मुक्काम जऊळका, तालुका वाशिम, जिल्हा अकोला. छाती दगा देत आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र शेजारी देवमन मास्तर यांच्या हातून लिहवून घेत आहे.

आमच्या कायद्याने माणसाला तिसरा हिस्साच मर्जीने देता येतो, बाकी वारसाचा. म्हणून राहते घर व कापूस पिंजायची धुनकी माझा एकुलता मुलगा याकूब याची. धुनकी त्याला अजून नीट धरता येत नाही, तरी त्याचीच.

चुलतभाऊ रहीमबक्ष याला माझी फाटकी रजाईसुद्धा देऊ नये. माझ्या मुलीच्या मयतीत तो 'सब्र कर' म्हणाला आणि लगेच जेवणाचे विचारू लागला.

ती मुलगी मेहरून. नऊ वर्षांपूर्वी पहिले मूल दगावले आणि ती माहेरी आली ती गप्पच. जेवण नाही, झोप नाही. देवमन म्हणाले, "चाचा, पोरीले अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. मी येतो संग." मी म्हणालो, "तकदीर में लिखा है वो होगा. तुमी यात पडू नका." ते म्हणाले, "आमच्या आज्यालेबी लोक हेच सांगत, गावाबाहेर राहणं तुमच्या नशिबातच हाये म्हणून. आमी आयकून बसलो असतो त?" मी दार लावून घेतले. पंधरा दिवसांनी मेहरून विहिरीत सापडली. जनाज्याची नमाज नाकारतील या भीतीने मी पाय घसरला असे सर्वांना सांगितले. ते खोटे होते. जीव तिनेच दिला.

पुढे हे मी वाशिमच्या एका बुजुर्ग मौलवींना सांगितले. ते म्हणाले, "नमाज तिची तशीही झाली असती. ज्याचं मन ठिकाणावर नाही, त्याच्या नावे गुन्हा लिहीत नाहीत. पण हुसेनभाई, तुमचं मन तर ठिकाणावर होतं ना?" तकदिरीत काय लिहिले आहे ते अल्लाच्या बंद्याला आधी कळत नाही, म्हणून धडपड त्याच्यावर सोपवली आहे, असेही त्यांनी समजावले. मी घरी बसलो आणि त्याला अल्लाची मर्जी म्हणालो. हे मला रोज खाते. मेहरून बेटी, तुझ्या बापाला माफ कर.

आता सून जुबेदा बाळंतपणापासून चार महिने भिंतीकडे तोंड करून बसते. याकूब म्हणतो, "अब्बा, उसके नसीब में है." माझेच शब्द पोराच्या तोंडात आले. सून वारस नसते, म्हणून तिला देता येते. स्टेशनाजवळचे दुकान, जे तिसऱ्या हिश्श्यात बसते, ते जुबेदाचे. ते विकून तिचा इलाज करावा. व्यवहार देवमन यांनी पाहावा.

हे वाचून दाखवताना देवमन थांबले. "चाचा, हे त तुमी मेल्यावर. तवर पोरीनं काय करावं?"

म्हणून या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या सकाळच्या गाडीने मीच जुबेदाला अकोल्याला नेतो. बरे करणे अल्लाकडे आहे. तिकीट काढणे माझ्याकडे आहे. मेहरूनचे मी काढले नाही.

मुक्काम जऊळका, तारीख १२ नोव्हेंबर १९७४
शेख हुसेन, निशाणी डावा अंगठा
साक्षीदार: देवमन जगदेव इंगोले (सही), शालिग्राम रामधन (सही)