माळावर फिरणारे दोनशे अकरा नवरे

१२ जानेवारी
मागच्या माळावर पाटी लागली! 'लवकरच येथे तीनशे घरे.' सरकारी नकाशात तो माळ हिरवा रंगवलाय, म्हणजे तिथे बांधायचं नाही. आता म्हणे रंगच बदलणार. संध्याकाळी वसाहतीची बैठक माझ्याकडे झाली — खुर्च्या माझ्याकडे जास्त. निवृत्त पोस्टमास्तर आपणहून अध्यक्ष झाले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचनालय संपवत आणलंत, हरकतीचा अर्ज तुम्हीच लिहा." चौथी शिकलेल्या बाईला! प्रत्येकाने आपला अर्ज स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा, असा नियम. मी फक्त नमुना करायचा.

१३ जानेवारी
चार कागद फाडले. 'पर्यावरणाचा समतोल' लिहिलं, मलाच जांभई आली. लिहिताना ह्यांचाच चष्मा लावते. नंबर जुळतो. संसारात तेवढंच एक जुळलं होतं! मग पेन मोकळं सोडलं. 'माझे पती रोज पहाटे या माळावर फिरत. ते जाऊन तीन वर्षं झाली. हा माळ गेला, तर ते दुसऱ्यांदा जातील.' वाचून डोळे पुसले. चष्मासुद्धा.

२८ जानेवारी
मुदत संपली. दोनशे अकरा अर्ज! पोस्टमास्तरांनी सुतळीने गठ्ठे बांधले, तीनदा मोजले. वाचला मात्र एकही नाही — "दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं नाही. चाळीस वर्षांची शिस्त आहे, वहिनी!"

६ फेब्रुवारी
सुनावणी. कुठे तोंड लपवू! सगळ्यांनी माझा नमुना जसाच्या तसा उतरवलाय. नवऱ्यासकट!
साहेब म्हणाले, "एका वसाहतीत दोनशे अकरा विधवा?"
वरचाच अर्ज पोस्टमास्तरांचा. "तुमचे पती वारले?" पोस्टमास्तर उठून उभे राहिले, बायकोकडे बघितलं आणि खाली बसले.
व्यायामशाळेवाल्याची बायको त्याच्या दंडाला धरून उभी. साहेबांनी विचारलं, "मग हे कोण?"
ती म्हणाली, "हेच ते."
साहेबांनी सगळ्या अर्जांची मिळून एकच हरकत धरली. "यातला खरा अर्ज कुणाचा?" मी हात वर केला. तेवढ्यापुरतं कुणी हसलं नाही.

७ फेब्रुवारी
पोस्टमास्तर रुसलेत. "'नवरा आपापला घालावा' अशी खाली टीप हवी होती, वहिनी!"

१५ फेब्रुवारी
आलेल्या सगळ्या अर्जांची यादी कचेरीच्या दारावर लागली, ती एका पेपरवाल्याने वाचली. आजचा मथळा — 'माळावर फिरणारे २११ पती दगावले!' दुपारी आमचं पाणी तपासायला गाडी आली. ज्यांनी घरं नोंदवली होती ते नोंदणी रद्द करतायत. बायका नव्हे, नवरे! बिल्डरचा माणूस माझ्या दारात. चेहरा एवढासा.
"मावशी, खरंच का हो?"
"एकाचं मी छातीठोक सांगते," म्हटलं. पाणीसुद्धा न पिता गेला.

२ मार्च
पाटी उतरली! बिल्डरने माघार घेतली. माळ हिरवाच राहणार. पोस्टमास्तरांनी भाषण केलं. मी खुर्च्या आवरल्या.

३ मार्च
माळावर चिटपाखरू नाही! पोस्टमास्तर बूट घालून निघाले, तर बायको दारात आडवी. "एक पाऊल टाकायचं नाही! तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंय!"

४ मार्च
आज पहाटे माळावर गेले. एकटी. आयुष्यात पहिल्यांदा.
दोनशे अकरांतला एकही अर्ज खरा नव्हता. माझासुद्धा. हे तिथे कधी फिरलेच नाहीत. रोज पहाटे मी म्हणायचे, "चला की हो." पांघरुणातून उत्तर यायचं — "उद्या नक्की."