गोळी सोडून सगळं दिलं

सावुसावू,
गुरुवार

आदरणीय आपेनिसामामा,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या घरून तुमच्या भाचीचा, म्हणजे उनाइसीचा, वाकून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहेत. बूबूचे गुडघे तेवढे दुखतात (पण चर्चच्या जेवणाला आपली ही आजी माझ्याआधी पोचते). तिकडे तावेउनी बेटावर पाऊस कसा आहे, मामी कशी आहे, आणि तुमचा पाय कसा आहे? पायाचं मागाहून लिहिते.

तर सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे. बाजारातल्या गाउंडरबाईंच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्टची जागा निघाली आहे आणि ती मला हवीच आहे. पदवी आहे, नोंदणी झाली आहे, गोळ्यांची नावं झोपेतसुद्धा सांगेन. अडचण वेगळीच आहे. बाई म्हणे स्वतः गिऱ्हाईक होऊन समोर बसतात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतात, तेही रडवेलं तोंड करून, ‘पोरी, मी तुझ्या आईसारखी ना गं’ असं म्हणत. माझी मैत्रीण सालोते गेल्या वर्षी तिथे गेली होती. तिनं गोळ्या तर दिल्याच, वर बाईंना जवळ घेऊन त्यांचे डोळे पुसले. बाईंनी तिला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

आता तुम्हीच सांगा, कुणी ‘केरेकेरे’, म्हणजे ‘दे ना’, म्हणून हात पुढे केला की आपल्यात नाही म्हणायची सोय आहे का? म्हणून ठरवलं, सराव करायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचे डबे मांडून दुकान थाटलं आणि घरच्यांना मोठ्यानं सांगितलं, या, हवं ते औषध मागा, मी नाही म्हणणार आहे. (हे खिडकी लावून सांगायला हवं होतं.)

पहिला आला आतेभाऊ इलाइसा. त्याला शेजारच्या कोंबड्यासाठी झोपेच्या गोळ्या हव्या होत्या. मी म्हटलं, ‘चिठ्ठी कुठंय?’ तर म्हणतो, ‘कोंबड्याला लिहिता येत नाही, तुझ्यासारखा शिकलेला नाही तो.’ आतेभावाला फटकारायचा आपल्यात हक्कच असतो, त्यामुळे त्याला हाकलणं सोपं गेलं. मग चर्चमधले तोमासीकाका खोकल्याचं गोड औषध मागायला आले. मी नाही म्हटलं. ते तिथेच उभे राहिले. एवढ्या वयाच्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी छत्री दिली. शेजारच्या लितियामावशीला ब्लडप्रेशरच्या गोळ्या नाकारल्या आणि दालोच्या कंदांची टोपली दिली. मग चटई गेली, मग कढई. कालपर्यंत मागच्या दारी रांग लागली होती, कारण औषध मागितलं की नकार मिळतो आणि नकाराबरोबर वस्तू मिळते हे सगळ्या वस्तीला कळलं होतं. शेवटी बूबू स्वतः रांगेत उभी राहिली, गुडघ्याची गोळी मागितली, नकार ऐकला आणि माझे इंटरव्ह्यूचे नवे बूट घेऊन चर्चला गेली. आई अजून कढई शोधते आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही.

पण मामा, एवढ्या माणसांत एकालाही मी गोळी दिली नाही. सोमवारी गाउंडरबाईंनी पदर पसरला तरी मी हलणार नाही.

तुमची लाडकी,
उनाइसी

ता. क. तुमच्या लेकीचे, लूसियाचे, काळे बूट मला द्या. भाचीनं मागितलं की मामाला नाही म्हणता येत नाही, हा रिवाज काही मी काढलेला नाही.

ता. क. दुसरा. पायाला झालेल्या जखमेसाठी तुम्ही चिठ्ठीशिवाय मागवलेल्या गोळ्या मी बोटीनं पाठवलेल्या नाहीत आणि पाठवणारही नाही. हे एक वाक्य लिहायला मला अख्खं पत्र लागलं. तुम्हाला शुगर आहे, पाय सुजला आहे आणि मला भीती वाटते आहे. म्हणून बूट कुणाबरोबर पाठवू नका, शनिवारच्या बोटीनं स्वतः घेऊन या. धक्क्यावरून आपण दोघं थेट सरकारी दवाखान्यात जाऊ. तुम्ही आला नाहीत तर सोमवारी मी अनवाणी जाईन, आणि बाईंनी कारण विचारलं तर तुमचं नाव सांगेन.