गुलाबी पाहुण्यांबद्दल अक्कांना खुलासा

परंडा,
होळीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या उमाशंकरचा साष्टांग नमस्कार. (नुसता कागदावरचा नाही. तुमच्या ईट गावाकडं तोंड करून दुकानातच घातला. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, माझं काही पडलंय. तेही बिचारं वाकून शोधायला लागलं.) इकडं आम्ही खुशाल आहोत. तुमचा गुडघा, दाजींची शुगर आणि दारची म्हैस, तिन्ही बरं असल्याचं दाजींकडून समजलं. तुमच्याकडून समजायची सोय राहिली नाही, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि घरच्या ग्रुपमधूनही निघून गेलात. म्हणून हे पत्र. वाचता येत नाही ही सबब चालणार नाही, चष्मा मीच करून दिलाय.

सगळ्याचं मूळ म्हणजे माझी खोड. शिमग्याच्या आसपास पहिलं फुलपाखरू, पहिली मधमाशी, पहिलं नवं पाखरू दिसलं, की ते आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. लहानपणी ओरडत चुलीपर्यंत यायचो, आता फोन करतो, एवढाच फरक. यंदाचं फुलपाखरू तर दुकानातच आलं आणि नंबर तपासायच्या तक्त्यावर ‘प’च्या डोक्यावर पंख मिटून बसलं. तक्ता वाचणारे आजोबा ‘पं’ म्हणाले. मी म्हटलं, नीट बघा. ते पुन्हा ‘पं’च म्हणाले. मी भिंग बदललं, तरी ‘पं’च. तेवढ्यात तो अनुस्वार उडून गेला, आणि चष्म्याची गरज नक्की कुणाला आहे अशा नजरेनं आजोबा माझ्याकडं बघायला लागले. मधमाशीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. शेवग्याच्या फुलावर ती मला दिसली, तिला मी जरा जास्तच जवळून दिसलो. सुजलेल्या ओठानं फोनवर ‘मधमाशी’ म्हणता येईना, आणि तुम्ही मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत होतात, कोण चावलं म्हणून. किती हसलात त्या दिवशी!

आता पाहुण्यांचं. सृष्टीला बघायला कुर्डुवाडीचे पाहुणे येणार, परंड्याला गाडी बदलणार, आणि माझं दुकान स्टँडसमोर असल्यामुळं ते उतरले की मी ग्रुपवर कळवायचं, असं ठरलं होतं. मुलीचा मामा म्हणून एवढं एकच काम माझ्याकडं दिलं होतं. (दाजींनी तेव्हाच शंका काढली होती.) दिवस मात्र नक्की झाला नव्हता. त्या सकाळी मी सहज किल्ल्यामागं गेलो, तर पळस लालभडक फुललेला आणि त्याच्यावर भोरड्यांचा अख्खा थवा उतरलेला. लांबच्या मुलखातून येतात म्हणून पेपरवाले यांना ‘पाहुणे पक्षी’ म्हणतात. मीही शिकल्यासवरल्या माणसासारखं लिहून टाकलं: पाहुणे आले. दाजींनी विचारलं, किती जण? मी लिहिलं, मोजता येईनात. मग विचारलं, दिसायला कसे? मी लिहिलं, काळं डोकं, गुलाबी अंग, लई देखणे. शेवटी ‘उपाशी असावेत, तुटून पडलेत’ एवढं लिहिलं आणि फोनची बॅटरी संपली.

तिकडं काय झालं ते दाजींनी मागून सांगितलं. मुलानं केस रंगवलेत आणि गुलाबी शर्ट घातलाय, इथवर तुम्ही पोरीसाठी गोड मानून घेतलंत. पण पाहुणे परंड्यात उपाशी बसलेत, हे काही तुम्हाला सोसेना. शेजारची पातेली आली, पुरण शिजलं, सृष्टीला साड्यांवर साड्या नेसवून झाल्या. (शेवटी ती म्हणाली म्हणे, आता पाव्हण्यांनाच नेसवा.) दाजी फाट्यावर जाऊन उन्हात उभे राहिले. संध्याकाळी एकदाचा माझा फोन लागला.

‘कुठवर आले पाव्हणे?’

‘उडाले की, अक्का.’

‘उडाले म्हंजे? पोरीला न बघताच?’

‘त्यांना काय पोरीचं? पोट भरलं, गेले.’

यावर तुम्ही ‘माझ्या पोरीत काय खोट निघाली रं, उमा?’ म्हणालात आणि रडायला लागलात, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘अक्का, त्या भोरड्या होत्या,’ मी म्हणालो. तुम्ही फोनच ठेवून दिलात. चार शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. तुमचं तसं रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळं, हे मला फार लागलंय. तेव्हापासून दुकानात लक्ष नाही. परवा एकाच्या डोळ्यावर मी डब्यातला चष्मा सोडून माझाच चढवला, आणि त्याला तो बरा बसला.

चूक माझीच. पण थोडी पेपरवाल्यांचीही धरा. आपल्याकडं पाहुणा म्हटलं की चहा टाकायचा असतो, दुर्बीण लावायची नसते, एवढं त्यांना समजायला पाहिजे. तुमची भावजय तर तुमच्याच पक्षात गेलीय. अक्का बोलल्याशिवाय मीही तुमच्याशी बोलायची न्हाय, असं ती मला दिवसभर सांगत असते.

दाजींना नमस्कार. सृष्टीला अनेक आशीर्वाद, आणि तिच्या मामाला माफी मिळेल असं काही तिनं तुमच्या कानावर घालावं.

तुमचा (अजून धरत असाल तर) भाऊ,
उमाशंकर

ता. क. कुर्डुवाडीहून निरोप आलाय. रविवारी येतात. चौघं आहेत आणि माणसं आहेत, मी दोनदा विचारून घेतलं. मुलाचं नाव शिवप्रसाद. केस कसे आहेत ते विचारायचं धाडस झालं नाही. या वेळी कळवायचं काम दाजींनी स्वतः स्टँडवर येऊन करावं, मी फक्त चहा पाजीन.

आणखी एक. सृष्टीनं माझ्याकडून भोरड्यांचे फोटो मागवून घेतले. आतापर्यंतच्या पाव्हण्यांत हेच बरे होते, कुणी स्वयंपाक येतो का विचारलं न्हाय, असं म्हणाली. आईला सांगू नका, असंही म्हणाली.

शेवटचं. वरचं सगळं राहू द्या बाजूला. काल सकाळी स्टँडमागच्या आंब्यावर कोकीळ ओरडला, यंदाचा पहिलाच. तुमची भावजय न बोलायचं विसरून म्हणाली, अहो, ऐकलं का? मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. अक्का, फोन उचला.